वालाच्या दाण्यातील कुलूप : डॉ. कमला सोहोनी यांचे संशोधन

नौपाड्यातील जुन्या घरांत वालाच्या बिरड्याची तयारी दोन दिवस आधी सुरू होते. कडवे वाल रात्रभर भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा आणि मग झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवायचे. ठाण्याच्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू वस्तीत तर बिरड्याशिवाय सणाचे पान पुरे होत नाही. आता सोललेल्या डाळिंब्या बाजारात वाट्याने मिळतात आणि सकाळची लोकल गाठणाऱ्यांची सोय होते. पण एवढा खटाटोप कशासाठी, वाल नुसते भरडून का खात नाहीत, या प्रश्नाला घरातील वडीलधाऱ्यांकडे पूर्वापार चालत आले आहे यापलीकडे सहसा उत्तर नसते.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग मुंबईतील फोर्टच्या विज्ञान संस्थेत सापडला. १९५५ मध्ये ‘नेचर’ या जगप्रसिद्ध ब्रिटिश विज्ञान नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वाल आणि डबल बी या दोन कडधान्यांतून एक विशिष्ट पदार्थ वेगळा काढून त्याचे शुद्ध स्फटिक मिळवल्याचे त्यात नमूद केले होते. हा पदार्थ माणसाच्या आतड्यातील पाचकरसाचे काम अडवतो. निबंधावर एका सहकाऱ्यासह नाव होते डॉ. कमला सोहोनी यांचे.

मराठी वाचकाला भागवत भगिनींपैकी थोरल्या दुर्गाबाई ठाऊक असतात. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून १९७५ मध्ये आणीबाणीला विरोध करणाऱ्या, लोकसाहित्याच्या अभ्यासक, आणि ‘खमंग’ नावाचे पाककृतींचे पुस्तकही लिहिणाऱ्या. धाकट्या कमलाबाई त्या मानाने विस्मरणात गेल्या. एका बहिणीने पदार्थ रांधावा कसा ते लिहिले आणि दुसरीने तो पोटात गेल्यावर त्याचे काय होते ते शोधले, ही गंमत फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

बंगळूरचा दरवाजा

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, अगदी सुरुवातीच्या काळात शिकलेल्यांपैकी ते होते. त्यामुळे आपणही तेथेच जायचे, हे मुलीच्या मनात लहानपणापासून पक्के असावे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा रसायनशास्त्र घेऊन त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळूरला अर्ज पाठवला.

संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि देशभर त्यांच्या नावाचा दबदबा होता. अर्ज फेटाळला गेला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच.

बावीस वर्षांच्या या मुलीने तो निर्णय मानला नाही. त्या स्वतः बंगळूरला गेल्या, संचालकांसमोर उभ्या राहिल्या आणि कारण विचारले. गांधीजींच्या चळवळीचे ते दिवस होते. संचालकांच्या कार्यालयाबाहेर त्यांनी सत्याग्रह केल्याचे सांगितले जाते. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी समजले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीबेरात्रीही, काम करावे लागणार होते. प्रयोगशाळेतील वातावरण त्यांच्यामुळे बिघडता कामा नये, अशीही एक अट होती. विज्ञानातील थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना असे प्रसंग दोन ओळींत उरकण्याची आपल्याकडे रीत आहे. कमलाबाईंनी तो अपमान विसरल्याचे मात्र कधी दाखवले नाही. उतारवयातही त्या त्याविषयी स्पष्टपणे बोलत.

वर्षभराने रामन यांची खात्री पटली आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. श्रीनिवासय्या हे कमलाबाईंचे मार्गदर्शक होते. शिस्तीला कडक, पण शिकवण्यात हात न राखणारे. त्यांच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. १९३६ मध्ये त्यांना एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळाली.

हा विषय निवडण्यामागे त्या काळाची गरज होती. दूध, अंडी, मांस बहुसंख्य भारतीयांच्या आवाक्याबाहेर होते. प्रथिनांचा आधार डाळ आणि उसळ यांचाच. कोणत्या डाळीत प्रथिने किती, याचे आकडे मिळत होते. त्यासाठी पदार्थातील नायट्रोजन मोजायचा आणि ठरावीक गुणकाने गुणायचे, अशी पद्धत होती. १९३७ मध्ये कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेतून भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्धही झाली. पण कोष्टकातील आकडा म्हणजे ताटातील अन्न. त्यातले किती शरीरात उतरते, हा हिशेब निराळा. कमलाबाईंचे पुढचे आयुष्य त्या निराळ्या हिशेबात गेले.

बटाट्यातून पेशीत

शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील कामासाठी नोबेल मिळवणारे सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा तेव्हा जीवरसायनशास्त्राची काशी मानली जाई. तेथे आधी डॉ. डेरेक रिश्टर आणि मग डॉ. रॉबिन हिल यांच्यासोबत त्यांनी वनस्पतींच्या ऊतींवर काम केले. बटाट्यावर प्रयोग करताना त्यांना ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन सापडले आणि ते केवळ बटाट्यात नव्हे, तर सर्वच वनस्पतींच्या पेशींत असते असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

सायटोक्रोम सी हे अन्नाच्या प्रवासातील शेवटच्या टप्प्यावरचे कारकून म्हणता येईल. पचलेले अन्न रक्तातून पेशीत पोचते, तेथे त्याचे प्राणवायूच्या साहाय्याने मंद ज्वलन होते आणि शक्ती मिळते. त्या ज्वलनात इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात देण्याचे काम हे प्रथिन करते. वनस्पती आणि माणूस यांच्या पेशींत ही व्यवस्था सारखीच आहे, ही गोष्ट त्या काळी मोठी होती.

या कामावर त्यांनी लिहिलेला पीएच.डी.चा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. केंब्रिजला पोचल्यापासून चौदा महिन्यांत तो पूर्ण झाला. १९३९ मध्ये पदवी मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख सर्रास होतो. काटेकोर बोलायचे तर वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची विज्ञानातील डॉक्टरेट मिळवली होती. पदव्यांची नावे वेगळी, म्हणून वाद उरतो. कमलाबाईंचे मोठेपण त्या क्रमांकावर अवलंबून नाही.

महायुद्धाच्या तोंडावर त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद आणि मग कुन्नूरच्या त्याच पोषण प्रयोगशाळेत साहाय्यक संचालकपद त्यांनी सांभाळले. १९४७ मध्ये विमागणितज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईत आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग निघाला होता. तेथे प्राध्यापक म्हणून त्यांची निवड झाली आणि विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्या पुन्हा आपल्या जुन्या विषयाकडे, कडधान्यांकडे वळल्या.

बिरड्याचा घास पोटात गेल्यावर

त्यांनी शोधलेल्या गोष्टीचे महत्त्व कळण्यासाठी बिरडे-भाताच्या एका घासाचा प्रवास पाहावा लागतो. घास तोंडात जाताच भातातील पिष्टाचे काम सुरू होते. लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टाच्या लांब साखळ्या तोडू लागते. भात बराच वेळ चावला की गोडसर लागतो तो यामुळेच. वालातील प्रथिनांना मात्र तोंडात कोणी हात लावत नाही.

प्रथिनांची पाळी जठरात येते. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल इतके तीव्र असते की त्यात प्रथिनांच्या घट्ट घड्या उलगडतात. मग पेप्सिन हे विकर त्या उलगडलेल्या धाग्याचे मोठे मोठे तुकडे करते. बिरड्यात ओले खोबरे आणि तेल सढळ असेल तर जठर आपला माल सावकाश पुढे सोडते. बिरडे जड पडल्याची तक्रार होते, त्याला हेही एक कारण.

खरे बारीक काम होते ते लहान आतड्यात. त्याचा पहिला भाग साधारण बारा बोटे रुंदीइतका लांब. यकृताकडून पित्त आणि स्वादुपिंडाकडून पाचकरस येथे येऊन मिळतात. स्वादुपिंडाच्या रसात ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर असते, पण ते येते झोपलेल्या अवस्थेत. जागे असते तर ते स्वादुपिंडालाच खाऊन बसले असते. आतड्याच्या अस्तरातील दुसरे एक विकर त्याचा छोटा तुकडा छाटते आणि ट्रिप्सिन जागे होते. जागे झालेले ट्रिप्सिन आपल्यासारख्याच इतर ट्रिप्सिनांना उठवते आणि स्वादुपिंडातून आलेल्या बाकीच्या प्रथिनभंजक विकरांनाही. म्हणजे प्रथिनांच्या पचनाचा हा मुकादमच. तो कामावर आला नाही तर सारी टोळी बसून राहते.

यानंतर प्रथिनांचे अमिनो आम्लांत आणि दोन-तीन अमिनो आम्लांच्या लहान तुकड्यांत विघटन होते. आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारखे बारीक उंचवटे ते शोषून घेतात आणि रक्तावाटे ते यकृताकडे रवाना होतात. येथपर्यंत पोचले तेच शरीराचे. बाकीचे पुढे निघून जाते.

कच्च्या वालातील तो पदार्थ नेमका या मुकादमाला अडवतो. तो स्वतः एक प्रथिन आहे. ट्रिप्सिनला ते आपले भक्ष्य वाटते. ट्रिप्सिन त्याला तोंडात धरते आणि तोंड अडकून बसते. कुलपात चुकीची किल्ली मोडून राहावी तसे. वनस्पतीच्या बाजूने पाहिले तर यात नवल नाही. बी किडीने खाऊ नये, खाल्लीच तर किडीला पचू नये, यासाठी तिने केलेली ही तजवीज आहे.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. मोकळे ट्रिप्सिन कमी पडते आहे असे आतड्याला जाणवले की स्वादुपिंडाला आणखी रस पाठवण्याचा निरोप जातो. कच्ची कडधान्ये खाऊ घातलेल्या उंदरांत आणि कोंबडीच्या पिलांत स्वादुपिंड सुजल्यासारखे मोठे होते आणि वाढ खुंटते. पाचक विकरे ही स्वतः प्रथिनेच आणि त्यांत गंधकयुक्त अमिनो आम्ले पुष्कळ. कडधान्यांत नेमकी तीच कमी. म्हणजे आधीच अपुरी असलेली वस्तू शरीर आणखी खर्च करते आणि ती मलावाटे वाया जाते. माणसातील परिणाम उंदरांइतका तीव्र नसला, तरी अर्धपोटी मुलाच्या बाबतीत असा प्रत्येक तोटा मोजावाच लागतो.

दिलासा हा की यातील बहुतेक अडसर उष्णतेने मोडतो. नीट शिजवलेल्या वालात तो फारसा उरत नाही. मोड आणण्याने तो काहीसा घटतो. भिजवलेले पाणी टाकून दिले की वायू धरणाऱ्या काही शर्करा निघून जातात आणि साल काढल्याने तुरट टॅनिनांचा भार हलका होतो. त्याही पचनात अडथळा आणतात. तेव्हा नौपाड्यातील आजीच्या कृतीतील एकही पायरी अगदीच निरर्थक नव्हती. पण हेही खरे की सर्वांत मोठे काम चुलीचे आहे. मोड आणून कच्चेच खाण्याची आरोग्याच्या नावाने अधूनमधून येणारी लाट वाल आणि डबल बीच्या बाबतीत तरी शहाणपणाची नाही.

कमलाबाईंच्या विभागात भारतीय भाज्या आणि डाळी यांतील अशा रोधक पदार्थांची पाहणी १९५० च्या दशकात पद्धतशीरपणे झाली. पुढे १९६५ मध्ये वालातीलच दुसऱ्या एका प्रथिनावर, रक्तपेशींचे पुंजके करणाऱ्या हिमॅग्लुटिनिनवर, त्यांच्या विद्यार्थ्यांसह केलेले काम प्रसिद्ध झाले. कडधान्याला गरिबाचे मांस म्हणून मोकळे होण्यापेक्षा त्यातले अडथळे शोधून काढणे अधिक कष्टाचे होते. कौतुकाचे शब्द मात्र पहिल्या प्रकारालाच सहज मिळतात.

नीरा, दूध आणि खुर्ची

लोकांना त्यांचे नाव जोडता येते ते नीरेशी. पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडाच्या या ताज्या रसाच्या पोषणमूल्यांचा अभ्यास हाती घेतला. सूर्य वर आला, ऊन लागले की नीरा आंबते आणि तिची ताडी होते. त्यामुळे दारूबंदीच्या काळात तिच्याकडे संशयाने पाहिले जाई. कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने तिच्यातील जीवनसत्त्वे आणि लोह मोजले. ताड-माडांच्या प्रदेशातील आदिवासी जनतेच्या दृष्टीने हे काम मोलाचे होते. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. एकेकाळी मुंबई-ठाण्याच्या स्थानकांबाहेर नीरा केंद्रांपुढे सकाळी रांगा लागत. त्या पेल्यामागे फोर्टमधील एका प्रयोगशाळेचेही कष्ट होते, याची रांगेतल्यांना कल्पना नसे.

आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. मोठ्या प्रमाणावर गोळा होणारे दूध नासू नये यासाठी त्यांनी कार्यपद्धती सुचवली.

संस्थेतील संचालकपदाची वाट मात्र सरळ नव्हती. ज्येष्ठता आणि पात्रता असूनही ते पद त्यांना सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले. अंतर्गत राजकारण हे कारण सांगितले जाते. बंगळूरला १९३३ मध्ये जे उघडपणे म्हटले गेले ते मुंबईत न बोलता झाले, असे म्हणावयास हरकत नाही. अखेरीस त्या संचालक झाल्या आणि या संस्थेच्या त्या पहिल्या महिला संचालक ठरल्या.

निवृत्तीनंतरही त्यांनी अन्नाचा विषय सोडला नाही. १९६६ मध्ये मुंबईत काही महिलांनी पुढाकार घेऊन स्थापन केलेल्या ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ या संघटनेत त्या सक्रिय राहिल्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षही झाल्या. संघटनेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून त्या अन्नसुरक्षेवर लिहीत. केंब्रिजची पदवी असलेल्या या बाई आता मसाल्यातील आणि दुधातील भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे गृहिणींना सांगत होत्या. प्रयोगशाळेतले शास्त्र आणि ओट्यावरचे शास्त्र असा भेद त्यांनी मानला नाही.

सरकारी सन्मान त्यांच्या वाट्याला उशिराच आला. त्या वेळी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालकपदी प्रथमच एक महिला होत्या, डॉ. जी. व्ही. सत्यवती. कमलाबाईंची कहाणी कळल्यावर त्यांनी दिल्लीत खास सत्कार समारंभ योजला. ऐंशी ओलांडलेल्या कमलाबाई त्यासाठी मुंबईहून दिल्लीला गेल्या. सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.